पहिल्यांदाच एकपात्री करायची आहे, सावित्रीबाईंची. भेव जात नाही, काय करू?

शिवारातली | ८ डिसेंबर

नमस्कार. मी नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यातली. इथलं नाटकाबद्दलचं सगळं आवडीनं वाचते, लिहायला मात्र आजच बसले.

आमच्या गावातल्या बचत गटांनी मिळून ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती करायचं ठरवलं आहे. तोवर धान घरात आलेलं असतं, हाताला थोडी उसंत असते, त्यामुळे सारं गाव येईल. दहा मिनिटांची एकपात्री मी करावी असं बायांनी ठरवलं. मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पण आजवर स्टेजवर कधी उभी झाले नाही.

संहिता ओळखीच्या एका मॅडमनी लिहून दिली. नायगावचा जन्म, लग्न, भिडेवाड्यातली शाळा, अंगावर फेकलेलं शेण, यशवंतला दत्तक घेणं, शेवटी प्लेग, असं सगळं त्यात आहे. पाठ झाली आहे. कोठ्यात गाईसमोर म्हणते तेव्हा शब्द चुकत नाही. आई समोर बसली की तोंड कोरडं पडतं, हात कापतात, आवाज वर वर चढत जातो आणि भिडेवाड्याच्या पुढचं काहीच आठवत नाही.

भाषेचंही कोडं आहे. माझ्या जिभेवर आमची झाडीबोली, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीची. संहितेतली भाषा बोलायला लागले की माझा आवाज मलाच परका वाटतो. मग सावित्रीबाईंना झाडीबोलीत बोलू द्यायचं का? तसं केलं तर त्यांचा मान कमी होईल का?

जाणत्या लोकांनी सांगा.

गुरुजी वणी | ८ डिसेंबर

ताई, अभिनंदन. शाळेत मुलं बसवतो, त्या अनुभवावरून एकच सांगतो. बसून पाठ केलेलं उभं राहिल्यावर पळतं. आजपासून उभ्यानं म्हणा, लुगडं नेसून म्हणा, ज्या जागी चालणार आहात तिथे चालत म्हणा. आईसमोर अडतं ना, मग रोज आईसमोरच करा. ते अंगवळणी पडलं की शेजारच्या काकूंना बोलवा. माणसं हळूहळू वाढवा, एकदम गावासमोर नको.

तिसरी घंटा | ९ डिसेंबर

नागपूरहून लिहितोय. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करतो, नव्या मुलांची शिबिरं घेतो.

तुम्ही भिडेवाड्यापाशी अडता याचं कारण मला संहितेत दिसतं. जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं सांगणारी संहिता म्हणजे चरित्र. ‘मग मी हे केलं, मग ते केलं’ अशी वाक्यं एकामागे एक येतात, पण एका वाक्यातून दुसरं निघत नाही. मनाला धरायला काही नसतं, म्हणून एक ओळ गेली की पुढच्या सगळ्या जातात. मुरलेला नट अशी संहिता आपल्या बळावर तारून नेतो. नवख्या माणसावर तिचं ओझं होतं.

म्हणून पाठांतर थोडं बाजूला ठेवा आणि दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. सावित्रीबाई हे कोणाला सांगत आहेत? आणि आजच, या क्षणीच का सांगत आहेत? भिडेवाड्यात शाळा १८४८ साली निघाली, प्लेगनं त्या गेल्या १० मार्च १८९७ ला. हे सगळं एका दमात सांगणारी बाई नेमकी कुठे बसली आहे? कोणत्या वयाची आहे? समोर कोण आहे? हे ठरलेलं नसेल तर नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. नजर भिरभिरली की श्वास वर चढतो, आणि श्वास वर चढला की आवाजही चढतो. ते तुमच्याबाबतीत होतंच आहे.

आयुष्यातला एकच प्रसंग घ्या. दहा मिनिटांत एक प्रसंग पुरून उरतो. सावकाश, थांबे घेत बोलताना मिनिटाला शंभर शब्द धरा, म्हणजे हजार शब्दांच्या वर जाऊ नका. तुमची संहिता किती शब्दांची आहे?

शिवारातली | ९ डिसेंबर

मोजली नव्हती, आता मोजली. दोन हजारांच्या जवळ आहे. म्हणूनच मी धावत असते. पण एकच प्रसंग घ्यायचा तर कोणता, सर? शेणाचा प्रसंग तर शाळेतल्या पोरीही दरवर्षी करतात.

वाचनवेडी अकोला | ९ डिसेंबर

त्यांची पत्रं वाच. माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. सावित्रीबाईंनी जोतिबांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ती आहेत. तिसरं ओतूरहून, दुष्काळातलं आहे. पण तुझ्यासाठी मला मधलं हवं, २९ ऑगस्ट १८६८ चं, नायगावहून लिहिलेलं.

त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. त्याचं आणि शारजा नावाच्या महार समाजातल्या मुलीचं प्रेम जमलं. तिला दिवस गेले होते, सहावा महिना. गावाला कळलं तेव्हा लोकांनी दोघांना मारत मारत गावातून फिरवलं, जीवच घ्यायला निघाले होते. सावित्रीबाईंना हे समजलं आणि त्या धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्यानं याचे परिणाम काय होतील ते त्यांनी लोकांना बजावलं आणि दोघांना वाचवलं. दोघांनी गाव सोडावं असं ठरलं. हे पत्र घेऊन त्या दोघांना सावित्रीबाईंनी पुण्याला जोतिबांकडे पाठवलं.

आता वर ‘तिसरी घंटा’ यांनी विचारलेले दोन प्रश्न याला लावून बघ. कोणाला सांगते? नवऱ्याला, जो तिच्या कामातला सोबती आहे. आत्ताच का? कारण ती दोघं दारात उभी आहेत, त्यांना निघायचं आहे, पत्र लिहून संपवायचं आहे. शेणाच्या प्रसंगात सावित्रीबाई सोसताना दिसतात. इथे त्या जमावाच्या मधे शिरतात. मला ही बाई आपल्या खेड्यांत दाखवावीशी वाटते. जातीबाहेर मन जुळलं म्हणून मारझोड होणं आजही संपलेलं नाही.

तिसरी घंटा | ९ डिसेंबर

अकोलेकर ताई, तुम्ही हातात तयार प्रवेशच दिलात. शिवारातली, हेच करा. मारणारा जमाव, दारातली घाबरलेली पोरगी, दूर पुण्यातला नवरा. तीन दिशा आपोआप ठरल्या. जमाव प्रेक्षकांच्या उजवीकडे बघून, शारजा विंगेकडे, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाकडे, जोतिबा समोर, शेवटच्या रांगेच्या थोडं वर. नजर बदलली की लोकांना माणूस दिसतो.

वडसेकर | १० डिसेंबर

बेटा, मी वडशाचा. उमर गेली आपल्या झाडीच्या स्टेजवर. दिवारी झाली का होरीलोक, रोज नवं गाव, रातभर नाटक. आता थकलो, पन वाचून रायलो तं लिवाव वाटलं.

पयली गोठ. भेव मलेही वाटे, शेवटच्या सीजनलोक. पडदा उघडाच्या आंधी पोटात कालवाकालव होयेच. थे जात नाही आन जावही नाही. पयल्या दोन-चार वाक्यात त्याले वाट भेटली का थे आवाजात उतरते. म्हनून सुरवातीची चार वाक्यं अशी पाठ कर का झोपेतून उठवलं तरी आली पायजे. बाकीचं थोडं इकडं तिकडं झालं तरी चालते.

दुसरी गोठ. वाक्याचं शेपूट गिरू नको. नवीन पोट्टे सुरवात जोरात करतात आन शेवटी आवाज पाडतात. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येते. थेच आयकू आलं नाही तं मारलं का वाचवलं, मागच्या माणसाले काय समजन? शेवटचा शब्द मागच्या शेकोटीपाशी बसलेल्या बुढ्यालोक गेला पायजे.

तिसरी गोठ प्रॉम्प्टरची. आपल्या झाडीपट्टीत रोज नाटक बदलते, तालमीले टाइम नाही भेटत. विंगेत प्रॉम्प्टर बसते, विसरलेलं वाक्य हळूच सांगाले, आन त्याची लाज कोनाले नाही वाटत. तूही एक पोरगी विंगेत बसव, कागद घेऊन. नुसती बसली तरी जिवाले धीर असते.

तिसरी घंटा | १० डिसेंबर

काका, तुमच्या पहिल्या दोन गोष्टी मी माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. प्रॉम्प्टरबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. तुमच्या नाटकात समोर दुसरा नट असतो, संगीत असतं, आलेला शब्द उचलेपर्यंत प्रवेश चालू राहतो. एकट्या माणसाचा कान एकदा विंगेकडे लागला की तो तिथेच अडकतो. दर वाक्याला ‘आता सांगेल का’ अशी वाट बघत बसतो. शिवाय पहिल्या रांगेतल्या पोरांना प्रॉम्प्टिंग नटीच्या आधी ऐकू येतं.

विसरल्यावर करायचं एवढंच: थांबा. श्वास सोडा. मघाच्याच माणसाकडे बघा आणि त्याला आपण काय पटवत होतो ते आठवा. बाहेर तो थांबा विचार करणाऱ्या बाईचा दिसतो, आपल्याला वाटतो तेवढा लांबही नसतो. माफी मागायची नाही, जीभ चावायची नाही, पहिल्यापासून तर मुळीच सुरू करायचं नाही.

वडसेकर | १० डिसेंबर

सर, तुमचं खरं हाय. पन पयल्या खेपेच्या पोरीले एकटी सोडाले माह्या जीव होत नाही. विंगेतली पोरगी चूप बसन. हिनं इशारा केला तरच बोलन, असं ठरवा.

शिवारातली | ११ डिसेंबर

दोघांचंही मला पटलं. असं केलं तर? पत्र लिहायला बसले म्हणजे बाजूला कंदील असेलच. मी कंदिलाची वात वर केली तरच बहीण विंगेतून सांगेल. नाहीतर अजिबात नाही.

तिसरी घंटा | ११ डिसेंबर

उत्तम. याला माझी पूर्ण संमती.

कागदाबद्दल एक गोष्ट. पातळ कागद हातात धरू नका. हाताचं बारीकसं कापणंही कागदावर मोठं होऊन दिसतं आणि माइकजवळ त्याची खरखर येते. खाली बसा, समोर बुटकं डेस्क किंवा पाट ठेवा, कागद त्यावर. हात टेकलेले राहिले की कापणं निम्मं होतं.

आणि श्वासाचं. रोज करा आणि स्टेजमागेही करा. नाकानं आत घ्या, पोट पुढे येऊ द्या. मग दातांतून ‘स्स्स’ करत जमेल तेवढं सावकाश बाहेर सोडा. बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब हवा, त्यानं छातीची धडधड उतरते. घाबरल्यावर आपण नेमकं उलटं करतो, भराभर आत ओढतो.

मंडपवाला ब्रह्मपुरी | ११ डिसेंबर

साउंड सर्विसचा धंदा आहे, आपल्याच भागातल्या कार्यक्रमांना जातो. ताई, हे वाचून राहावलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही खाली बसणार असाल तर तुमच्या साउंडवाल्याला आधीच सांगा. भाषणाचा उभा स्टँड ठेवतील आणि तुमचा आवाज खालीच राहील. बुटका स्टँड मागा, माइक तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला. नजर इकडे तिकडे वळवायची तर मान थोडी वळवा, सगळं अंग वळवलं की आवाज गायब होतो. उठून जमावाकडे जाणार असाल तिथे दुसरा माइक लावायला सांगा. कॉलर माइक लुगड्याच्या पदराला घासतो, त्याच्या भरवशावर नको. तालीम माइकवर एकदा तरी करा, आपला आवाज स्पीकरमधून परत आला की नवीन माणूस दचकतो.

हॅलोजन डोळ्यांवर येतो, समोरचं काही दिसत नाही. काहींना त्यानं बरं वाटतं, काही गांगरतात. संध्याकाळी लाइट लावून एकदा उभ्या राहून बघा.

गुरुजी वणी | १२ डिसेंबर

गावच्या कार्यक्रमाचं एक पक्कं असतं. पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि ऐनवेळी कोणीतरी येऊन ‘ताई, पाच-सहा मिनिटांत आटपा’ म्हणतं. त्यासाठी कोणता तुकडा गाळायचा ते आधीच ठरवून ठेवा, गाळूनही तालीम करा. नाहीतर माणूस तेवढंच सगळं दुप्पट वेगानं म्हणतो.

दुसरं, बक्षीस. आपल्याकडे खूश झालेला माणूस मधेच उठून पन्नास-शंभर रुपये घेऊन स्टेजवर येतो आणि माइकवर नाव पुकारलं जातं. प्रेमानंच येतो तो. पण दंडारीत, म्हणजे आपल्या लोकनाट्यात, किंवा नाटकातल्या गाण्यात ते चालतं, तुमच्या प्रवेशात तंद्री तुटेल. सूत्रसंचालकाला सांगून ठेवा की बक्षिसं शेवटी.

शिवारातली | १४ डिसेंबर

ही दोन्ही माझ्या डोक्यातही नव्हती, सर. दोन्ही लिहून घेतली.

पत्र मिळालं. रात्री आईला वाचून दाखवलं. आई मधेच म्हणाली, “मंग मारत होते तेवा कोनी बाई माणूस आडवी नाही आली का?” ते मला संहितेत हवंच आहे. पण भाषेचा प्रश्न तसाच राहिला. सावित्रीबाई सातारा भागातल्या. त्यांच्या तोंडी ‘मले, तुले’ घालू का?

वाचनवेडी अकोला | १४ डिसेंबर

मी घालणार नाही. पत्राची भाषा तिची स्वतःची आहे, विचारपूर्वक लिहिलेली. तिच्या तोंडी आपली बोली घातली तर तिचं असलेलं आपण पुसतो. मी वऱ्हाडी बोलते, मला बोलीचा अभिमान आहे, तरी असंच वाटतं.

वडसेकर | १४ डिसेंबर

मले उलटं वाटते. आमच्या बाया पुस्तकातली भाषा आयकून हात जोडतात आन घरी जातात. आपल्या बोलीतली आयकली तं म्हनतात, हे तं आपलीच गोठ.

तिसरी घंटा | १५ डिसेंबर

दोन्ही ठेवता येईल. शिवारातली, तुम्ही सावित्रीबाई होऊन येऊच नका. तुम्ही तुम्ही म्हणूनच या. ‘मी याच गावची, मले हे पत्र वाचाले भेटलं’ असं आपल्या बोलीत सुरू करा. आईनं विचारलेला प्रश्नही तिथेच येऊ द्या. मग पत्रापाशी बसा आणि पत्र त्याच्याच भाषेत चालू द्या. जमावाचे लोक बोलतील ते बोलीत, कारण ते लोक कोणत्याही गावात असतात.

यात तुमचा मोठा फायदा आहे. सुरुवात, म्हणजे भीती सर्वांत जास्त असते ती वेळ, तुम्ही स्वतःच्या जिभेवर काढता. काकांनी सांगितलेली चार वाक्यं तीच.

वाचनवेडी अकोला | १५ डिसेंबर

हे मला पूर्ण मान्य. सुंदर सुचलं.

शिवारातली | २६ डिसेंबर

संहिता नव्यानं लिहिली, हजाराच्या आत आहे. सुरुवात अशी: “मी सुमनची पोरगी, तुमी मले वरखता. आज मले नाटक नाही करायचं. एक पत्र वाचून दाखवायचं हाय. दीडशे वर्सं झाले त्याले, पन वाचलं तं मले आपल्याच गल्लीतलं वाटलं.” (आईचं नाव इथे बदललं आहे.)

आता पाठ करावं लागत नाही, एकातून एक येतं. आईसमोर झालं, काकूंसमोर झालं, काल बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर केलं. हात कापले, पण पाटावर टेकलेले होते. जमावाच्या जागी आवाज अजून किरकिरा होतो.

वडसेकर | २६ डिसेंबर

बेटा, तिथं वरडू नको. जमाव वरडते, बाई नाही वरडत. वरडनाऱ्या माणसाइच्या मधात जे हळू बोलते तिचंच लोक आयकतात. आवाज खाली घे, शब्द जड कर. आन त्या दिवशी गार पानी नको, थंडी हाय. कोमट पी. जेवन आंधी दोन घास कर, पोट भरून नको.

शिवारातली | ५ जानेवारी

झालं. सविस्तर लिहिते, कारण प्रत्येकाचं काही ना काही कामी आलं.

भाषणं लांबली. सहा मिनिटांत करा असा निरोप आलाच. गुरुजी, गाळायचा तुकडा ठरलेला होता, बहिणीला खूण केली आणि तो गाळला. बुटका स्टँड मिळाला. बक्षिसं शेवटी पुकारली.

स्टेजमागे पाय गार पडले होते, ‘स्स्स’ करत उभी होते. पहिल्या चार वाक्यांना लोक हसून बघत होते, ओळखीची पोरगी म्हणून. पत्राला बसले तेव्हा मागचं बोलणं थांबलं. जमावाच्या जागी काकांचं ऐकलं, आवाज खाली घेतला. तिथेच पुढची ओळ गेली. थांबले, श्वास सोडला, शारजाच्या दिशेला बघितलं. वातीला हात लावायच्या आधी ओळ आली.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगितली नव्हती. दोघांना गाव सोडायला लागलं हे म्हटलं आणि समोर चटईवर बसलेल्या एका आजीनं मोठ्यानं विचारलं, “मंग त्या पोरीचं काय झालं वं?” संहितेत त्याला जागाच नव्हती. मी आजीकडे बघून म्हटलं, “पुन्याले धाडली आजी, जोतिबाकडे. पत्र तिच्याच हाती हाय.” आणि मग पत्राचा शेवट वाचला.

नंतर आजी भेटल्या. पुढे तिचं बाळ नीट झालं का, ते विचारत होत्या.

तिसरी घंटा | ५ जानेवारी

ते उत्तर आता संहितेत ठेवा, आणि आजीसाठीची जागाही. पुढच्या गावात कोणी नाही विचारलं तर दोन श्वास थांबून तुम्हीच कोणाकडे तरी बघा.

वडसेकर | ५ जानेवारी

पुढचं गाव कोनतं? मी येतो आयकाले.

शिवारातली | ६ जानेवारी

काका, तळोधीच्या बाजूला एका गावच्या बचत गटानं विचारलं आहे. तारीख ठरली की इथेच कळवते. तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल.

पाऊलवाट गोंदिया | ७ जानेवारी

धागा पूर्ण वाचला. मला २३ फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला, त्यांच्यावर एकपात्री करायची आहे. मीही नवीनच. बाबा कीर्तनात लोकांना सतत प्रश्न विचारायचे. वरच्या आजींचं वाचून वाटलं, लोक खरंच उत्तर देतील. तेव्हा काय करायचं?

गुरुजी वणी | ७ जानेवारी

देतीलच, आणि देऊ द्या, त्यांचं कीर्तन तसंच तर चालायचं. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढे काय आणि ‘नाही’ आलं तर पुढे काय, दोन्ही लिहून ठेवा. कोणीच बोललं नाही तर तिसरं. बाबा मूळचे शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले, तेव्हा बोली वऱ्हाडी धरा. तुमच्या गोंदियाच्या जिभेला ती वेगळी पडेल, अकोल्याच्या ताईंना ऐकवून घ्या.

वाचनवेडी अकोला | ७ जानेवारी

आनंदानं. आवाज रेकॉर्ड करून पाठवा. सुरुवातीची चार वाक्यं आधी.